मलकापूर, पण नेमकं कुठलं?

बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगावच्या नावाला शेजारच्या जामोदची जोड आहे, त्यामुळे खानदेशातल्या जळगावशी त्याचा घोळ होत नाही. मलकापूरला मात्र अशी जोड नाही. एक मलकापूर बुलढाण्यात, दुसरं कराडजवळ, तिसरं कोल्हापूरच्या शाहूवाडी तालुक्यात. ‘मलकापूरचा आठवडी बाजार’ असं लिहून कुणी छायाचित्र इंटरनेटवर टाकलं, तर गावकऱ्याला ते ओळखता येईल. संगणकाला फक्त पाच अक्षरं दिसतात. म्हणून छायाचित्राला किंवा लेखाला अक्षांश-रेखांशांची जोड द्यावी लागते. तिलाच जिओटॅग म्हणतात. ही जोड गावाची ओळख असणाऱ्यांनीच द्यायला हवी, कारण दूरवर बसलेला माणूस नाव वाचून अंदाज करतो आणि तो अंदाज चुकू शकतो.

मोबाइल उपग्रहांच्या संकेतांवरून स्वतःची जागा काढतो आणि परवानगी असेल तर ती छायाचित्राच्या फाइलमध्ये नोंदवतो. लेखासाठी मात्र आकडे हाताने भरावे लागतात. लोणार सरोवर साधारण १९.९८ उत्तर अक्षांश आणि ७६.५१ पूर्व रेखांशावर आहे. दशांशाची दोन स्थळं म्हणजे सुमारे एक किलोमीटरची अचूकता. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरासाठी ती पुरते. सिंदखेड राजाची पुतळा बारव दाखवायची तर चार स्थळं हवीत, म्हणजे फरक दहा-अकरा मीटरवर येतो. आकड्यांचा क्रम उलटला, तर मात्र लोणार थेट आर्क्टिकमधल्या स्वालबार्डजवळच्या समुद्रात जाऊन पडतं. खूण चुकीची असेल तर ती नसण्यापेक्षा वाईट, हा आक्षेप म्हणूनच खरा आहे. पण त्यावर उपाय खूण टाळणं हा नाही. २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपसारख्या नकाशात कुणालाही चूक दुरुस्त करता येते, आणि ती आधी लक्षात येते जवळ राहणाऱ्याच्याच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. घरातल्या मुलांच्या छायाचित्रासोबत घराचा ठावठिकाणाही जगापुढे जातो. २०१९ साली टिपेश्वरहून निघालेला वाघ ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, तो प्रवास गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे कळला. तीच माहिती शिकाऱ्याच्या हाती पडली असती तर? तेव्हा नियम सरळ ठेवावा: जे ठिकाण सर्वांचं, त्याची खूण उघड असावी, माणसाचं घर आणि वन्यजीवाचा वावर मात्र झाकलेला राहावा. महाराष्ट्र बारव मोहिमेने राज्यभरातल्या बारवांची ठिकाणं नकाशावर आणली, तेव्हा झुडपांत हरवलेल्या विहिरींपर्यंत अनोळखी माणसालाही वाट सापडू लागली. जी बारव कुठे आहे हेच ठाऊक नाही, तिचा गाळ काढायला कोण जाणार? जतनाचं काम सुरू होतं ते ठिकाण सापडल्यावरच.