जुन्या गेमिंग लॅपटॉपवरील खर्च : कोणता कामी येतो, कोणता बुडतो

आपल्या निपाणी-बेळगाव भागातील व्यापारी कुटुंबांत गेल्या आठ-दहा वर्षांत एक नवा खर्च रूढ झाला आहे. बेळगाव हे १९९८ पासून विश्वेश्वरय्या तांत्रिक विश्वविद्यालयाचे ठाणे आहे. तेव्हा घरातील एखादा मुलगा वा मुलगी अभियांत्रिकीस असणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. प्रवेश झाला की लॅपटॉप हवा, आणि तोही साधा नव्हे, 'गेमिंग'चा. कारण अभ्यासाचे सांगितले जाते, व ते अगदीच खोटे नसते. आराखड्यांची व त्रिमिती रचनांची कामे अशाच यंत्रावर नीट होतात. रात्री त्यावर काय चालते हेही सर्वांस ठाऊक असते. त्या खेळांतील मारामारी अहिंसेचे पाठ घेतलेल्या घरात शोभते की नाही, हा प्रश्न मोठा आहे. पण तो ज्याच्या त्याच्या घरचा असल्याने येथे बाजूस ठेवतो.

साठ-सत्तर हजारांस घेतलेले हे यंत्र सहा-सात वर्षांनी मंदावते, तापते, भुंग्यासारखा आवाज करते. मग नवे घ्यावे की जुन्यावरच काही पैसे घालावे, असा पेच पडतो. माझ्या धाकट्या बंधूंच्या घरी २०२५ च्या उन्हाळ्यात हाच पेच पडला. पुतण्याचा लॅपटॉप २०१७ सालचा. आत इंटेलचा सातव्या पिढीतील आय-५ प्रोसेसर, एनव्हिडियाची जीटीएक्स १०५० ही ग्राफिक्स चिप, ८ जीबी रॅम आणि १ टीबीची फिरती हार्ड डिस्क. त्या काळी अशाच घडणीची यंत्रे पुष्कळ खपली. वाचकांपैकी अनेकांच्या घरी त्याचे भाऊबंद निघतील. बंधूंनी प्रथम एका दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थास विचारले. त्याने "ग्राफिक्स कार्ड वाढवून देतो" म्हणून दोन हजार रुपये विसार घेतला. तो विसार बुडाला. का बुडाला ते पुढे येईल.

यंत्राची रचना आपल्या धंद्याच्या उपमेने सहज कळते. हार्ड डिस्क ही वखार. रॅम हा दुकानातील ओटा. चालू गिऱ्हाइकाचा माल वखारीतून काढून येथे मांडलेला असतो. प्रोसेसर हा मुनीम, आणि ग्राफिक्स चिप हा पडद्यावर चित्र रंगविणारा कारागीर. ओटा अपुरा पडला की प्रत्येक नगासाठी हमालास वखारीत धाडावे लागते, आणि वखार दूर असेल तर मुनीम कितीही चलाख असो, तो हात बांधून बसतो. सबब खर्च करण्यापूर्वी खोळंबा कोठे होतो आहे ते पाहिले पाहिजे. त्यासाठी कोणास पैसे देण्याचे कारण नाही. खेळ वा काम चालू असता विंडोजमधील 'टास्क मॅनेजर' उघडावा. मेमरीचा आकडा नव्वद टक्क्यांच्या वर राहत असेल तर ओटा अपुरा. डिस्क शंभर टक्क्यांवर अडून राहिली तर वखार मंद. आणि बाकी सारे निवांत असून ग्राफिक्सचाच आकडा शंभरास भिडलेला असेल, तर मात्र हात आखडता घ्यावा, कारण त्यावर उपाय जवळजवळ नाही.

या आकड्यांच्याही आधी तपमान पाहावे. प्रोसेसर शंभर अंश सेल्सिअसच्या जवळ गेला की स्वसंरक्षणासाठी आपला वेग आपणच कमी करतो. खेळ पहिली दहा मिनिटे सुरळीत चालून मग अडखळू लागला तर बहुधा हेच कारण असते. आपल्या भागात याला विशेष महत्त्व आहे. निपाणीस तंबाखूच्या वखारीलगत ज्यांचे घर वा पेढी आहे, त्यांनी आपला लॅपटॉप एकदा उघडवून पाहावा. तंबाखूची बारीक धूळ पंख्याने आत ओढली जाते, आणि तांब्याच्या नळ्यांच्या टोकास जी धातूची जाळी असते तिच्यावर तिचा थर जमतो. पुतण्याच्या यंत्रातून निघालेला थर एखाद्या जाड पुठ्ठ्यासारखा होता, आणि त्याला वासही तंबाखूचाच होता. त्याचबरोबर चिपेवरील उष्णतावाहक लेपही काही वर्षांत वाळतो. तो पुसून नवा लावावा लागतो. वाऱ्याच्या फुंकणीने धूळ काढताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. ते भलत्या वेगाने फिरू दिल्यास पंखा बिघडतो. साऱ्या सुधारणांत स्वस्त सुधारणा हीच, आणि लोक नेमकी हीच विसरतात.

त्याखालोखाल लाभ देणारी वस्तू म्हणजे एसएसडी. फिरती हार्ड डिस्क सेकंदास सुमारे शंभर एमबी मजकूर देते, आणि तोही सलग असेल तर. विखुरलेल्या बारीक फायली काढताना ती फारच मागे पडते. साटा पद्धतीची एसएसडी सुमारे साडेपाचशे एमबी देते, आणि एनव्हीएमई पद्धतीची साधारण साडेतीन हजारांपर्यंत जाते. तथापि या मोठ्या आकड्याने भुलू नये. हार्ड डिस्कवरून कोणत्याही एसएसडीवर येताना जो फरक जाणवतो, तो साटावरून एनव्हीएमईवर जाताना जाणवत नाही. दुसरे असे की, आतील एम.टू नावाची खाच दिसायला सारखीच असली तरी काही यंत्रांत ती फक्त साटा स्वीकारते, काहींत फक्त एनव्हीएमई, तर काहींत दोन्ही. कंपनीची माहितीपुस्तिका पाहिल्यावाचून खरेदी करू नये. एसएसडीने खेळ लवकर उघडतो, पण चित्रे अधिक वेगाने हलू लागत नाहीत, हेही मुलांना आधीच सांगून ठेवावे.

आता रॅम. २०१७ ते २०१९ च्या अनेक यंत्रांत ८ जीबीची एकच पट्टी बसविलेली असे व दुसरी खाच रिकामी असे. त्या खाचेत तशीच दुसरी पट्टी बसविली की ओटा दुप्पट होतोच, शिवाय मालाची ने-आण दोन दारांनी होऊ लागते, व काही खेळांतील अडखळणे कमी होते. पट्टी त्याच जातीची हवी. डीडीआर-४ च्या खाचेत डीडीआर-३ किंवा डीडीआर-५ बसतच नाही. काही सडपातळ यंत्रांत रॅम पटलावरच डाखलेली असते, तेथे हा विषयच संपतो. सोळा जीबीच्या पुढे जाणे जुन्या खेळांसाठी व्यर्थ. त्रिमिती रचनेचे काम करणाऱ्या विद्यार्थ्यास मात्र ते उपयोगी पडू शकते.

या पट्टीच्या बाबतीत आम्ही व्यापारी असूनही फसलो. उन्हाळ्यात भाव हलका होता. दिवाळीनंतर घेऊ म्हणून थांबलो. मार्गशीर्षात चौकशी केली तो भाव दुपटीच्या वर. झाले होते असे की, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणककेंद्रांसाठी लागणाऱ्या स्मृतिचिपांकडे सॅमसंग, एसके हायनिक्स व मायक्रॉन या मोठ्या उत्पादकांनी आपले उत्पादन वळविले, आणि घरगुती मालाचा तुटवडा पडला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रूशल' ही आपली किरकोळ विक्रीची छाप बंद करण्याचे जाहीर केले. एसएसडीचे भावही त्याच सुमारास चढले. तंबाखूची तेजी ज्यांना महिनाभर आधी वास घेऊन कळते, त्यांना ही तेजी कळली नाही!

ग्राफिक्सचा विसार का बुडाला ते आता सांगतो. लॅपटॉपमधील ग्राफिक्स चिप, आणि अलीकडच्या यंत्रांत प्रोसेसरही, मुख्य पटलास डाखलेला असतो. टेबलावरच्या संगणकातल्याप्रमाणे तो काढून दुसरा बसविता येत नाही. ग्राफिक्सची स्वतःची स्मृती दोन वा चार जीबी असेल तर तेवढीच राहते. रॅम वाढविल्याने ती वाढत नाही. अमेरिकेतील फ्रेमवर्क कंपनीने ग्राफिक्सचा भाग बदलता येईल असा १६ इंची लॅपटॉप काढला आहे, पण तो अपवाद होय. थंडरबोल्ट जोडणीने बाहेरून कार्ड लावता येते. मात्र त्यासाठी कार्ड, पेटी व वीजपुरवठा असा तिहेरी खर्च पडतो आणि कार्डाची काही शक्ती वाटेतच जाते. शिवाय स्वस्त यंत्रांत ती जोडणी बहुधा नसतेच. तेवढ्या पैशात टेबलावरचा नवा संगणक घेतलेला बरा. जो कोणी लॅपटॉपचे 'ग्राफिक्स वाढवून' देऊ म्हणेल, त्यास विसार देऊ नये.

बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर उचलला गेला किंवा झाकण नीट मिटेना, तर यंत्र तत्काळ बंद करावे. ती आगीची भीती आहे, काटकसरीचा विषय नव्हे. चार्जरही मूळ वॉटचाच हवा. या जातीच्या यंत्रांना १२० ते १५० वॉट लागतात. हलका चार्जर लावला तर यंत्र चालते, पण अर्धपोटी चालते.

सर्वांत कठीण सीमारेषा मात्र आतील सुट्या भागांची नसून पिढीची आहे. विंडोज १० ला मिळणारी सुरक्षेची नित्याची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली; नोंदणी करणाऱ्यांस १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत देण्यात आली. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या वा पुढील पिढीचा प्रोसेसर अपेक्षित आहे. सातव्या पिढीतले अगदी मोजके अपवाद मान्य झाले. म्हणजे २०१७ चा आय-५ ७३००एचक्यू बाहेर राहिला, आणि पुढच्याच वर्षीचा ८३००एच आत गेला. एका वर्षाचे अंतर, पण हिशेबात ते फार मोठे आहे. एनव्हिडियानेही जीटीएक्स १०५० च्या पिढीसाठी नव्या खेळांना अनुसरून निघणारे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच ठेवले. त्यापुढे केवळ सुरक्षेपुरते. यास्तव आठव्या पिढीच्या यंत्रावर सफाई, एसएसडी व रॅम हे तिन्ही खर्च मी निःशंक करीन. सातव्या वा त्याआधीच्या यंत्रावरील खर्च, ते आज मोडीत विकल्यास जे येतील त्याच्या निम्म्यावर जाऊ देणार नाही.

पुतण्याच्या यंत्राची सफाई, लेप व ५०० जीबीची एसएसडी मिळून सुमारे साडेपाच हजार खर्च आला. ही रक्कम वरील मर्यादेत कशीबशी बसली. रॅमची पट्टी विकत घेतलीच नाही. मेहुण्यांच्या घरी पडदा फुटलेला त्याच सालचा लॅपटॉप पडून होता, त्याची पट्टी काढून, रात्रभर तपासणी चालवून बसविली. बंधूंचा विचार पुढे हेच यंत्र पेढीवर टॅलीसाठी ठेवण्याचा होता. त्यास मी हरकत घेतली, कारण जीएसटीची विवरणे आणि बँकेचे व्यवहार सुरक्षेची दुरुस्ती न मिळणाऱ्या यंत्रावर करणे म्हणजे तिजोरी उघडी टाकून जेवावयास जाणे. लिनक्स बसविता येते, पण टॅली त्यावर सरळ चालत नाही. यंत्र अभ्यासापुरते व खेळापुरते पुतण्याकडेच राहिले. त्यातून निघालेली १ टीबीची जुनी हार्ड डिस्क मात्र यूएसबीच्या पेटीत घालून पेढीवर आणली आहे, आणि दर शनिवारी दुकान बंद करताना मुनीम तीवर हिशेबाची प्रत उतरवून ती घरी नेतात.