बरणीतला गांजा आणि पेढ्याची मात्रा

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. कुटुंबाच्या परवानगीने आणि ओळख पटेल असा तपशील बदलून लिहीत आहे.

रात्री साडेदहाच्या सुमारास दवाखाना बंद करून मी जेवायला बसणार, एवढ्यात दार वाजले. पाहतो तो आमच्या जुन्या ओळखीतले एक शेतकरी गृहस्थ, सगळे त्यांना नाना म्हणतात, आपल्या विशीतल्या मुलाला दंडाला धरून उभे. मुलाचे डोळे लालभडक, ओठ कोरडे, हात गार. "डॉक्टर, मी मरणार का? छाती बघा माझी," एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. नाडी मोजली. मिनिटाला १३२. ई.सी.जी. काढला, त्यात वाढलेल्या गतीखेरीज काही नव्हते.

"काय खाल्लंस?"

"काही नाही."

नानांना बाहेरच्या बाकावर बसायला सांगितले, तेव्हा त्याने तोंड उघडले. त्याने आणि त्याच्या आतेभावाने तुरीच्या ओळींत गांजाची चार झाडे वाढवली होती. दिवाळीच्या आसपास तुरे कापून माळ्यावर टांगले आणि वाळल्यावर लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरले. त्या दिवशी 'माल कसा जमलाय' ते पाहायचे ठरले. आधी चिलमीचे दोन झुरके घेतले. घरात वास सुटेल म्हणून पुढचा प्रयोग खव्यात झाला आणि पेढे वळले गेले. एक पेढा खाल्ला. पाऊण तास झाला तरी काही होईना. 'कच्चा राहिला' असे म्हणून आणखी दोन खाल्ले. पुढच्या तासाभरात हा प्रसंग.

मी त्याला निजवले, दिवा मंद केला, शेजारी बसून बोलत राहिलो. दोन तासांत नाडी शंभरावर आली. "जीव जात नाही तुझा, पण धडा घे," असे मी हसत म्हणालो. माझी चूक झाली ती इथे. एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला : उरलेले पेढे कुठे आहेत?

साडेबाराला नानांच्या घरून फोन आला. त्यांची चार वर्षांची नात हलवूनही उठत नव्हती. फडताळातला डबा तिच्या हाती लागला होता. मी पोचलो तेव्हा पोर मान टाकत होती आणि श्वास संथ चालला होता. जीप काढून तिला तसेच जिल्हा रुग्णालयात नेले. रात्रभर ऑक्सिजन, सलाईन आणि डोळ्यांत तेल घालून देखरेख. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने आजीजवळ खायला मागितले, तेव्हा कुठे आमच्या सगळ्यांच्या जिवात जीव आला.

त्यानंतर नानांनी मला विचारले, "साहेब, आमच्या लहानपणी शिवरात्रीला भांग सगळेच पीत. मग हे असं कसं झालं?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर म्हणजेच आजचा लेख.

पान, तुरा आणि राळ

भांग, गांजा आणि चरस ही एकाच झाडाची तीन रूपे. भांग पानांची, गांजा मादी झाडाच्या फुलोऱ्याचा आणि चरस म्हणजे त्यावरची चिकट राळ. नशा आणणारे द्रव्य मुख्यतः या राळेत असते. त्यामुळे पानात ते कमी, तुऱ्यात पुष्कळ अधिक. या द्रव्याला थोडक्यात टी.एच.सी. म्हणतात. इस्रायलमधील राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी या शास्त्रज्ञांनी १९६४ साली ते वेगळे काढून त्याची रचना सांगितली. पुढे १९९२ साली आपल्या मेंदूतच सापडलेल्या, त्याच जागी काम करणाऱ्या एका द्रव्याला 'आनंदामाइड' असे नाव दिले गेले. त्यातला 'आनंद' आपल्या संस्कृतातलाच.

शिवरात्रीची भांग पानांची, दुधात पातळ केलेली आणि जाणत्या हाताने घोटलेली असे. तीही काही निर्धोक नव्हे, दर वर्षी एकदोन रुग्ण मी पाहतोच. पण नानांच्या मुलाने पेढ्यात घातला तो तुरा होता.

वाळवताना काय होते?

ओल्या झाडात हे द्रव्य बहुतांशी आम्लरूपात असते आणि त्या रूपात फारशी नशा आणत नाही. वाळताना ते हळूहळू आणि उष्णता मिळाल्यावर झपाट्याने नशेच्या रूपात बदलते. चिलमीतला निखारा हे काम क्षणात करतो, चुलीवरची कढई जरा सावकाश. म्हणजे वाळवलेला, मुरवलेला आणि वर शिजवलेला तुरा हा शेतातल्या हिरव्या झाडापेक्षा वेगळाच पदार्थ असतो. उलट, उजेड आणि हवा लागून महिन्यामहिन्याला त्याचा जोर उतरतो. एकाच झाडाचा शेंड्याचा तुरा आणि खालच्या फांदीचा तुरा सारखा नसतो. वाणावाणातला फरक तर फार मोठा : कुठे शेकडा दोनतीन टक्के टी.एच.सी., तर कुठे वीस टक्क्यांच्याही वर. बरणीकडे पाहून, वास घेऊन किंवा चोळून हा आकडा कळत नाही.

जुन्या काळी बंगालमध्ये नौगाव भागात गांजाच्या शेतांतून नर झाडे हुडकून काढणारे तरबेज लोक असत. इंग्रज त्यांना 'गांजा डॉक्टर' म्हणत. तो अनुभवी माणूसही झाड नर की मादी एवढेच सांगे. अमुक तुऱ्यात किती मिलिग्रॅम द्रव्य आहे हे त्यालाही सांगता आले नसते.

चिलीम वेगळी, पेढा वेगळा

'थोडेसे चाखून बघू' हा विचार वरवर शहाणपणाचा वाटतो. पण पोटात घेतलेल्या गांजाच्या बाबतीत तो फसतो.

धूर फुप्फुसातून काही मिनिटांतच मेंदूत पोचतो. अंमल किती चढला हे लगेच कळते आणि दोनतीन तासांत तो बराचसा उतरतो. पेढ्याचे तसे नाही. तो पोटात पचणार, यकृतात जाणार. तिथे टी.एच.सी.पासून आणखी एक द्रव्य तयार होते आणि तेही चांगलेच नशा आणणारे असते. परिणाम जाणवायला अर्धा तास लागेल, कधी दोन तास. पोट भरलेले असेल तर आणखी उशीर. जोर चढतो तो दोन ते चार तासांनी, आणि अंमल सहा ते आठ तास, कधी बारा तासही राहतो. म्हणजे पाऊण तासाने 'काही झाले नाही' म्हणणारा माणूस पहिल्या पेढ्याचा परिणाम होण्याआधीच दुसरा खातो. त्यातच द्रव्य खव्यात सारखे मिसळत नाही. एका पेढ्यात चिमूट, तर दुसऱ्यात मूठ.

आयुर्वेदातही भांगेचा, म्हणजे विजयेचा उपयोग आहे. पण तो शोधन करून आणि मात्रा ठरवून. याच झाडातले कॅनाबिडिऑल हे दुसरे द्रव्य, ज्याने नशा येत नाही, अपस्माराच्या काही दुर्मीळ प्रकारांवर औषध म्हणून २०१८ साली अमेरिकेत मान्य झाले. तेही रुग्णाच्या वजनावर मोजून देतात. औषध आणि विष यांतला फरक मात्रेचा असतो, आणि घरच्या बरणीला मात्रा नाही.

बरणीतली बुरशी

अर्धवट वाळलेला तुरा बंद बरणीत कोंडला की त्यावर बुरशी धरते. ॲस्परजिलस जातीची बुरशी त्यात आढळते आणि तिचे बीजाणू चिलमीच्या धगीतही सगळे मरत नाहीत. धडधाकट माणसाला बहुधा खोकल्यावर निभावते. पण दमा असणारा, कर्करोगाची औषधे घेणारा किंवा पूर्वी क्षय होऊन फुप्फुसात पोकळी राहिलेला माणूस असेल तर हीच बुरशी आत घर करते. आपल्याकडे क्षयाचे जुने रुग्ण किती आहेत हे वेगळे सांगायला नको.

कोणी विशेष जपावे?

गांजाने हृदयाची गती वाढते आणि उभे राहताना रक्तदाब घसरू शकतो. हृदयविकाराच्या रुग्णांना आणि वृद्धांना हे महागात पडते. पंचविशीपर्यंत मेंदूची घडण चालू असते. त्या वयात नेमाने आणि तीव्र गांजा घेणाऱ्यांत भास, संशय आणि वेडसरपणा यांचा धोका वाढतो, घराण्यात मनोविकार असेल तर अधिकच. ढोबळमानाने दहा सेवन करणाऱ्यांत एकाला सवय जडते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी त्यापासून दूरच राहावे.

कायद्याचेही सांगतो. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजाची बेकायदा लागवड हा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकणारा गुन्हा आहे. झाडे चार की चारशे, असा भेद त्या कलमात नाही.

अशा वेळी काय करावे?

१. प्रौढ माणूस शुद्धीवर असून घाबरला असेल तर त्याला शांत खोलीत बसवा, एकटे सोडू नका, 'हे उतरणार आहे' असे सांगत राहा. वाहन चालवू देऊ नका.

२. लिंबू, चिंच, लोणचे यांनी गांजा उतरत नाही. गुंगीतल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नका आणि त्याला उलटी काढू नका. अन्न श्वासनलिकेत जाते.

३. छातीत दुखणे, सतत उलट्या, झटके, बेशुद्धी किंवा अनावर भ्रम दिसला तर ताबडतोब रुग्णालय गाठा. १०८ वर रुग्णवाहिका मिळते.

४. मूल असेल तर वाट पाहूच नका. एक घास खाल्ल्याची शंका असली तरी न्या. यावर उतारा असे औषध नाही. श्वास सांभाळणे हाच उपचार, आणि तो घरी होत नाही.

५. डॉक्टरांपासून लपवू नका. पोलिसांच्या धास्तीने नानांच्या घरी त्या डब्याबद्दल अर्धा तास कोणी बोलले नाही. तो अर्धा तास त्या पोरीचा होता.

ज्यांना सवय सोडायची आहे त्यांच्यासाठी १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्ती दूरध्वनी आहे. मनाच्या तक्रारींसाठी १४४१६. पुण्यात १९८६ पासून चालणाऱ्या मुक्तांगणसारख्या संस्थाही आहेत.

नानांचा मुलगा गेल्या महिन्यात भाचीला लस टोचायला घेऊन आला होता. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "डॉक्टर, बरणी मीच फोडली." मी काही बोललो नाही. पण त्या रात्रीपासून नशेचा कोणताही रुग्ण आला की मी नाडी धरण्याआधी विचारतो : उरलेले कुठे आहे, आणि घरात लहान मूल आहे का? वाचकांनीही हा प्रश्न लक्षात ठेवावा.