वीरगळ ते त्यागचक्र

पाराखाली, देवळाच्या आवारात किंवा वेशीपाशी एखादा कोरीव उभा दगड असतो. त्याला शेंदूर लावलेला असतो, लोक येता-जाता हात जोडतात. पुष्कळदा तो वीरगळ असतो, लढताना पडलेल्या माणसाचं स्मारक.

वीरगळ कसा वाचावा

खालून वर. खालच्या चौकटीत लढाई किंवा आडवा पडलेला वीर. तिथे गाई कोरल्या असतील, तर गोधन राखताना तो गेला असं समजावं. मधे अप्सरा त्याला स्वर्गात नेतात, वर तो शिवलिंगाची पूजा करतो. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर त्याची कीर्ती. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर चक्क जहाजांची लढाई आहे.

मात्र महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर अक्षरं नाहीत. माणूस कसा गेला ते कळतं, कोण होता ते कळत नाही.

पाटीवरचा आकडा

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या. गावातून इतके गेले, पैकी इतके कामी आले, एवढाच मजकूर. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावचे 46 जण त्या युद्धात कामी आले. आज गाव 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखलं जातं.

त्याच युद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मराठा पलटणी लढल्या. तिथल्या बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीच्या नावापुढे फक्त संख्या. हा अन्यायच होता. युद्धकबरींची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने 2021 मध्ये या भेदभावाबद्दल माफी मागितली.

अखेर नाव

दिल्लीचं राष्ट्रीय युद्धस्मारक 25 फेब्रुवारी 2019 रोजी खुलं झालं. त्याच्या त्यागचक्रात स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या 25 हजारांहून अधिक जवानांची नावं ग्रॅनाइटवर कोरली आहेत. शिपाई असो वा अधिकारी, प्रत्येकाचं नाव आहे.

गावात काय करता येईल

वीरगळाला ऑइलपेंट देऊ नका, कोरीवकाम बुजतं. धूळ मऊ ब्रशने झाडली तरी पुरे. दगड पायरीला किंवा बांधाला लावला असेल, तर पंचायतीला सांगून उभा करून घ्या. आणि गावात जुनी पाटी असेल, तर त्या आकड्यामागची नावं घराघरांतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून आत्ताच वहीत उतरवा.