काचेला धरलेली वाफ

पावसाळ्यात अकोले गावाहून राजूरकडे निघालो आणि विठे घाट जवळ आला, की माझा डावा अंगठा आपोआप हनुवटीकडे जातो. हेल्मेटला तिथे एक छोटी सरकपट्टी आहे. ती वर ढकलली की ‘टक्’ वाजतं आणि वारा काचेच्या आतल्या अंगाने वर चढायला लागतो.

ही सवय एका जुलैने लावली. संध्याकाळची वेळ, पाऊस, आणि घाटात समोरून आलेल्या जीपच्या उजेडात काच एकदम पांढरीफटक झाली. बाहेरून पाणी असेल म्हणून हातमोज्याने पुसत राहिलो, पण वाफ आतून धरली होती. गाडी कडेला घेऊन काच वर केली, तर चार हातांवर एक डांगी गाय रस्त्यात निवांत रवंथ करत बसलेली. हात कितीतरी वेळ थरथरत होते.

थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तसाच काचेला आतून येतो. आपला श्वास गरम आणि ओलाचिंब. पाऊस-वाऱ्याने काच गार पडलेली. त्या बारीक थेंबांवर समोरचा दिवा पडला की उजेड फुटतो आणि रस्ता नाहीसा होतो. अशा वेळी आपण गारठ्याला भिऊन सगळी भोकं बंद करतो. नेमकं उलट करायला हवं: श्वासाला बाहेर जायला वाट द्यायची.

वाट आहे का, हे घरीच कळतं. मी हेल्मेट मांडीवर घेतो, आत ओलं बोट धरतो आणि बाहेरून एकेका भोकावर फुंकर मारतो. बोटाला गार लागलं की वाट मोकळी. एकदा कपाळावरच्या भोकातून काहीच लागेना. अस्तर धुऊन परत बसवताना मीच त्याची कड थर्माकोलच्या खाचेवर चढवली होती. दोन महिने ते भोक नुसतं शोभेला होतं. काही हेल्मेटांना तर वरची जाळी असते, पण खाली थर्माकोल सलग. पण म्हणून कुणी ड्रिल लावू नये. आपटल्यावर तोच थर्माकोल दबून डोक्याचा मार झेलतो. १ जून २०२१ पासून देशात आयएसआय शिक्क्याचंच हेल्मेट विकता येतं. तो शिक्का आख्ख्या कवचाचा असतो, भोकं पाडलेल्याचा नव्हे.

अकोल्यातून निघताना, इंदोरी-रुंभोडीच्या सपाटीवर, गाडीला वेग असतो. पुढून हवा शिरते. हेल्मेटच्या मागे हवा विरळ झालेली असते, ती मागच्या भोकांतून आतली गरम हवा ओढून घेते. सगळं आपसूक चालतं. घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर आली की ही ओढच उरत नाही. तिथे पट्टी पुरत नाही, काच एक खाच वर घ्यावी लागते. पाऊस जोराचा असेल तर टाळूवरचं भोक मात्र बंद, नाहीतर पाणी कपाळावरून डोळ्यांत उतरतं. राजूरच्या पुढे, रंधा सोडून शेंडीकडे जाताना ढग रस्त्यावरच उतरलेले असतात. तिथे मी हनुवटीचं आणि मागचं उघडं ठेवतो.

चष्मेवाल्यांचं दुखणं दुप्पट. त्यात नाकावरून रुमाल बांधला की सगळा श्वास वरच्या बाजूला, सरळ काचेवर. आमच्याकडच्या एका दूधवाल्या काकांना मी एवढंच म्हटलं, “काका, रुमाल नाकाखाली घ्या.” दुसऱ्या दिवशी भेटले तेव्हा म्हणाले, “अरे, कोतूळपर्यंत दिसलं की रं!”

साध्या काचेला आतून भांड्याच्या साबणाचा एक थेंब चोळून, वाळवून, मऊ फडक्याने पुसला तर एक-दोन दिवस पाणी थेंब न धरता पसरतं. कारखान्यातूनच लेप दिलेल्या काचेला हे करू नये, लेप जातो. पैसे असतील तर पिनलॉक घ्यावा: काचेच्या आत बसणारी दुसरी पातळ काच, मध्ये हवेचा बंद थर. आतली काच गार पडत नाही, म्हणून वाफ धरत नाही.

काल शेंडीत चहाला थांबलो. हेल्मेट ओट्यावर उलटं ठेवलं होतं. टाळूवरच्या भोकातून एक चिखलाचा थेंब अस्तरावर आला होता. टपरीवरच्या पोराकडून अगरबत्तीची काडी मागून घेतली आणि जाळी साफ करत बसलो.