वेगळ्या घडणीची स्त्री आणि तिची कचेरी

कोणत्याहि कचेरींत एखादी स्त्री अशी आढळते कीं, हिशेबाच्या शंभर ओळींतील एकच चूक तिच्या नजरेस तात्काळ पडते. परंतु चार माणसें एकदम बोलूं लागलीं म्हणजे ती गोंधळून जाते. ती बोलणाराच्या डोळ्यास डोळा देत नाहीं, थट्टा शब्दशः खरी मानते, आणि ठरलेल्या क्रमांत अकस्मात् बदल झाला असतां बेचैन होते. सहकारी तिला तऱ्हेवाईक म्हणतात, वरिष्ठ माणूसघाणी समजतात; आणि नोकरी कायम करण्याची वेळ आली म्हणजे तिच्या कामापेक्षां तिच्या स्वभावाचीच चर्चा अधिक होते.

ह्या वेगळेपणाचें मूळ शिष्टाचाराच्या अभावांत नसून मेंदूच्या घडणींत असूं शकतें. स्वमग्नता, डिस्लेक्सिया या नांवानें ओळखली जाणारी वाचनाची अडचण, आणि अवधानाची अस्थिरता हे अशा घडणीचे कांहीं प्रकार होत. तापाप्रमाणें येऊन जाणारा हा रोग नव्हे. ही घडण बाळपणापासूनचीच असते आणि जन्मभर सोबत राहते.

स्त्रियांच्या बाबतींत ती ओळखूं येण्यास विशेष विलंब लागतो. अमेरिकेंत लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं स्वमग्नतेचें जें प्रसिद्ध वर्णन केलें, त्यांतील ११ बालकांपैकीं ८ मुलगे व ३ मुली होत्या. पुढें दीर्घकाळ ही मुख्यतः मुलग्यांचीच अवस्था, अशी समजूत राहिली. शिवाय आपल्या घरांतून मुलगी अबोल राहिली तर तिला ‘शहाणी, शांत’ असें प्रशस्तिपत्र मिळतें. हंसावें केव्हां, बोलावें किती, हें ती इतरांचें पाहून पाठ करते व आपलें वेगळेपण झांकून ठेवते. हें झांकणें मोठें कष्टाचें असतें. दिवसभर सांभाळलेला मुखवटा संध्याकाळीं उतरला म्हणजे तिच्या अंगांत त्राण उरत नाहीं.

पुणें-दौंड लोहमार्गावरील खुटबावाहून रोज पुण्याच्या कचेरीस जाणारी अशी एक तरुणी श्रोत्यांनीं कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावी. गाडींतील गर्दी व गोंगाट सोसून ती कचेरीच्या दाराशीं पोंचते, तोंच तिची निम्मी शक्ति खर्च झालेली असते. तेथें सतत टेलिफोन वाजत असतील आणि तोंडी हुकूम तीन वेळां बदलत असतील, तर उत्तम काम येत असूनहि तिच्या हातून चुका होतील. तिला कोपऱ्यांतील शांत जागा द्यावी, काम लेखी सांगावें, बदल आदल्या दिवशीं कळवावा, शंका विचारण्यास एक विश्वासू व्यक्ति नेमून द्यावी, आणि कचेरींतील हळदीकुंकवास ती आली नाहीं तर तो उद्धटपणा मानूं नये. यांपैकीं बहुतेक गोष्टींस पैसा लागत नाहीं. थोडा विचार मात्र लागतो.

माणसाला पाहून कामाची मांडणी करण्याचें हें तत्त्व त्या परिसराला अगदीं परकें नाहीं. खुटबावच्या पुढचेंच स्टेशन केडगांव. तेथें पंडिता रमाबाईंनीं (१८५८-१९२२) उभारलेल्या मुक्तिसदनांत दुष्काळानें व वैधव्यानें निराधार झालेल्या स्त्रियांना शेती, विणकाम, छापखाना अशीं कामें शिकविलीं गेलीं. अंध स्त्रियांकरितां तेथें निराळी व्यवस्था होती. त्या स्त्रियांना आजच्या शास्त्राचीं नांवें चिकटविणें योग्य होणार नाहीं; परंतु जिला जें साधेल तें शिकवून तिला उपयुक्त करावें, ही दृष्टि तेथें होती. आज मुंबईंत जुहू येथील ‘अर्पण’ या उपाहारगृहांत स्वमग्न व बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्ति पदार्थ बनविण्याचें व ते गिऱ्हाइकांपुढें ठेवण्याचें काम करितात.

कायद्यानेंहि या दिशेनें पाऊल टाकलें आहे. २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यानें मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन-अक्षमता यांचा समावेश आहे. अवधानाच्या अस्थिरतेचा मात्र त्या यादींत स्वतंत्र उल्लेख नाहीं. सरकारी आस्थापनांनीं अशा कर्मचाऱ्यांकरितां वाजवी सोयी करून द्याव्या, असें बंधन त्यांत आहे.

तथापि सोय म्हणजे लाड नव्हे. तिच्या कामाचें मोजमाप इतरांइतकेंच कांटेकोर असावें आणि वेतनहि इतरांइतकेंच असावें. दयेपोटीं दिलेलें हलकें काम हा देखील एक प्रकारचा अपमानच होय. आपली घडण उघड करावी कीं न करावी, हेंहि तिनेंच ठरवावें. तिच्या पाठीमागें त्याची चर्चा होणें अनुचित आहे.

म्हणून वर्षअखेर तिच्याविषयीं शेरा लिहिण्यास लेखणी उचलणाऱ्या वरिष्ठानें आधीं स्वतःस दोन प्रश्न विचारावे: काम तिला स्पष्ट शब्दांत सांगितलें होतें काय? आणि तें करण्यापुरती शांतता तिला मिळाली होती काय? या दोहोंचें उत्तर ‘होय’ असें आल्यावरच त्यानें तिच्या गुणदोषांचा निवाडा करावा.