इस्पितळाची वेळ आणि गाडीची जागा

आजारी माणसास इस्पितळांत न्यावयाचें ठरलें म्हणजे घरांत काय काय तयारी होते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. जुने कागद एका पिशवींत भरले जातात, रक्ततपासणीचे अहवाल तारखेवार लावले जातात, उपाशीपोटीं जावयाचें कीं खाऊन, याची दोनदां खात्री करून घेतली जाते, आणि डॉक्टरांस विचारावयाच्या प्रश्नांची यादी सूनबाई एका चिठ्ठीवर उतरवून ठेवतात. परंतु ज्या मोटारींतून हें सारें प्रस्थान व्हावयाचें, ती मोटार तेथें पोंचल्यावर कोठें उभी करावयाची, हा प्रश्न मात्र त्या यादींत कोणीच लिहीत नाहीं. तो इस्पितळाच्या फाटकाशीं गेल्यावर, मागच्या गाड्यांचे भोंगे वाजूं लागले म्हणजे सर्वांस एकदम आठवतो. आमच्या घरीं तो असाच आठवला, आणि त्याचें उत्तर शोधतांना आमच्या हातून जी चूक झाली ती येथें मोकळेपणानें सांगावी असें वाटतें. कारण तशी चूक इतर घरांतूनही होत असेल.

आमचे वडीलबंधू, ज्यांस घरांत लहानथोर सारे दादा म्हणतात, वयानें पंचाहत्तरीच्या घरांत आहेत. मधुमेह वीस वर्षांचा. त्यांत दोन वर्षांपूर्वीं मूत्रपिंडांचें काम मंदावल्याचें कळलें. त्यामुळें पुण्यांतील एका मोठ्या इस्पितळांत त्यांस वरचेवर न्यावें लागतें. पहिल्या भेटीची वेळ सकाळीं साडेनवाची होती, आणि त्यापूर्वीं उपाशीपोटीं रक्त द्यावयाचें होतें. आमचें घर पेठेंत. अंतर म्हणाल तर जेमतेम पांच किलोमीटर. साडेआठास निघालों म्हणजे हाताशीं पुष्कळ वेळ आहे, अशी आमची समजूत. चिरंजीव परगांवीं गेले असल्यामुळें गाडी आम्हीच चालवीत होतों. आणि दोघांच्या कामास तिसरें माणूस कशाला, म्हणून बरोबर कोणासही घेतलें नव्हतें.

फाटकाशीं पोंचलों तों नऊ वाजून दहा मिनिटें झालीं होतीं. आंतील वाहनतळावर 'जागा नाहीं' असा फलक लटकत होता. शेजारीं पैसे देऊन गाडी लावण्याची सोय होती. तेथें पहिल्या दोन तासांस तीस रुपये आणि पुढें प्रत्येक तासास वीस, असा दर लिहिलेला. तीन तास तरी लागणार, म्हणजे पन्नास रुपये झाले. जन्मभर शाळामास्तरी केलेल्या माणसाचा हात खिशाकडे सहजासहजीं जात नाहीं. आम्हीं दादांस फाटकाशीं उतरविलें, "पांच मिनिटांत आलोंच, तुम्ही येथेंच थांबा," असें सांगितलें, आणि फुकट जागेच्या शोधास निघालों.

पहिल्या गल्लींत दोन्ही बाजूंस गाड्यांच्या रांगा. दुसरींत सम-विषम तारखांची पाटी. पुण्याबाहेरील वाचकांसाठीं सांगतों कीं, अशा रस्त्यावर सम तारखेस एका बाजूस आणि विषम तारखेस दुसऱ्या बाजूस वाहनें उभीं करावयाचीं असतात. त्या दिवशीं तारीख होती विषम, आणि मोकळी जागा होती ती नेमकी सम बाजूस! तिसऱ्या गल्लींत एका बंगल्यासमोर जागा दिसली; पण फाटकावर 'येथें गाडी लावल्यास चाकांतील हवा सोडण्यांत येईल' अशी खास पुणेरी सूचना होती. अखेर पाऊण किलोमीटर दूर एका झाडाखालीं गाडी उभी राहिली, तेव्हां आम्हांस गड जिंकल्यासारखें वाटलें. चालत फाटकाशीं परत आलों, तों दहाला पांच मिनिटें कमी होतीं.

दादा फाटकाशीं नव्हते. आंत चौकशीच्या खिडकीशींही नव्हते. तीं चार-पांच मिनिटें आमचीं कशीं गेलीं, तें लिहवत नाहीं. शेवटीं कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीसमोर एका स्टुलावर बसलेले दिसले. कपाळ घामानें भिजलेलें, हात थरथरत होते. सकाळची मधुमेहाची गोळी त्यांनीं संवयीनें घेतली होती आणि पोटांत अन्नाचा कण नव्हता. उन्हांत उभें राहून त्यांचा तोल जाऊं लागला, तेव्हां टपरीवाल्या बाईंनीं त्यांस धरून बसविलें, आणि मधुमेह आहे एवढें कळतांच भरपूर साखर घातलेला चहा पाजला. पुढें डॉक्टरांनीं सांगितलें कीं, रक्तांतील साखर उतरली असतां त्या बाईंनीं केलें तेंच करावयाचें असतें, आणि तें वेळेवर झालें हें नशीब.

आम्हांस पाहतांच दादांनीं विचारलें, "किती वाचले रे?"

"पन्नास," आम्ही खालीं मान घालून म्हणालों.

"मग त्यांतून चहाचे दहा या बाईंस देऊन टाक."

ते याहून अधिक कांहीं बोलले नाहींत. बोलले असते तर बरें वाटलें असतें. उपाशीपोटींची तपासणी चहामुळें बाद झाली, भेटीची वेळ टळली, आणि नवी तारीख नऊ दिवसांनंतरची मिळाली.

त्या रात्रीं आम्हांस चरकाची आठवण झाली. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. त्यांतील परिचारकाच्या अंगीं चार गुण असावे लागतात. उपचारांचें ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयीं प्रेम आणि शुचिता. हें प्रकरण आम्हीं तरुणपणीं वाचलें होतें. परंतु गाडी चालविणारा माणूस हाही परिचारकच असतो, हें मात्र त्या दिवसापर्यंत आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. प्रेमाची उणीव नव्हती, दक्षतेची होती. आणि एक पाद लंगडा पडला कीं उरलेले तीन कितीही बळकट असोत, चिकित्सा पुढें सरकत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं घरांतील सारी मंडळी एकत्र बसली आणि कांहीं गोष्टी ठरविल्या. आज दोन वर्षें त्या पाळल्या जात आहेत, म्हणून वाचकांपुढें ठेवतों.

पहिली गोष्ट ही कीं, रुग्णाबरोबर दोघांनीं जावें. एकानें गाडी पाहावी, दुसऱ्यानें रुग्ण पाहावा. रुग्णास दाराशीं उतरवावें तें सोबत्यासह. गाडीवाल्यानें मग कितीही दूर जावें. बरोबर येण्यास दुसरें कोणीच नसेल, तर त्या दिवशीं गाडी घरीं ठेवून रिक्षानें जावें हें उत्तम. रिक्षा दाराशीं सोडते आणि तिला जागा शोधावी लागत नाहीं. जातायेतांचें भाडें महाग वाटेल. परंतु त्यांतून पेट्रोल, गाडी लावण्याचे पैसे आणि मनाची धांदल वजा करून पाहावी.

दुसरी गोष्ट, भेटीची वेळ ठरविण्याकरितां फोन करतांनाच गाडीची चौकशी करावी. आंत जागा असते काय, दर काय, दाराशीं किती मिनिटें थांबूं देतात, चाकांची खुर्ची कोठें मिळते, आणि गर्दी कोणत्या वेळीं कमी असते. बाह्यरुग्ण विभागाची गर्दी सकाळीं लोटते, हा आमचा अनुभव. दुपारची वेळ मिळत असेल तर ती मागून घ्यावी.

तिसरी गोष्ट, वेळ मोजावयाची ती उलट बाजूनें. साडेनवास डॉक्टर, म्हणून सव्वानवास खिडकीवर नांव नोंदविणें, म्हणून नवास दाराशीं उतरणें, म्हणून सव्वाआठास घर सोडणें. आम्हीं त्या दिवशीं प्रवासाचा वेळ धरला होता, जागेचा धरलाच नव्हता.

चौथी गोष्ट एकट्यानें गाडी चालवीत जाणाऱ्यांसाठीं. डोळे तपासतांना बाहुल्या मोठ्या करण्याचे थेंब घालतात, आणि त्यानंतर कांहीं तास दिसणें धूसर राहतें. कित्येक तपासण्यांत गुंगीचें औषध देतात. अशा दिवशीं जातांना गाडी नेली तरी येतांना ती चालवितां येत नाहीं. हें आधीं विचारून ठेवावें.

पांचवी गोष्ट, घाई कितीही असो, फाटकाची वाट अडवूं नये. लावण्यास मनाई असलेल्या जागीं ठेवलेली गाडी पोलीस उचलून नेतात, दंड होतो, हें तर आहेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें रुग्णवाहिकेस वाट न देणाऱ्यास दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. पण दंडाचें भय दूर ठेवलें तरी, आपल्यामागें जी गाडी अडकली आहे तींत आपल्याच दादांसारखें कोणी असेल, एवढा विचार पुरेसा आहे.

ज्यांस चालवतें, त्यांस पुण्यांत आतां मेट्रोचीही सोय झाली आहे. १ ऑगस्ट २०२३ रोजीं गरवारे कॉलेजपासून रुबी हॉल क्लिनिकपर्यंतचा मार्ग सुरू झाला. त्यांत एका स्थानकास तर इस्पितळाचेंच नांव आहे, आणि पुणें रेल्वे स्थानकापाशीं उतरलें कीं ससून इस्पितळ जवळच. २९ सप्टेंबर २०२४ पासून दिवाणी न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग चालू झाल्यामुळें कसबा पेठ आणि मंडई हीं स्थानकें पेठकरांच्या दाराशीं आलीं आहेत. नातेवाइकांस भेटावयास जाणाऱ्यांनीं तरी गाडी घरीं ठेवावी. तेवढीच जागा एखाद्या रुग्णाच्या उपयोगीं पडेल.

इतकें सारें आमच्या शहाणपणांत जमा झालें, तों गेल्या वर्षीं दादांस डायलिसिस सुरू करावें लागलें. आठवड्यांतून तीन वेळां, प्रत्येक वेळीं यंत्रावर चार तास. आधींनंतरचा वेळ धरून पांच. सूनबाईंनीं हिशेब मांडला. पहिल्या दोन तासांचे तीस आणि पुढील तिहींचे साठ, मिळून नव्वद. आठवड्यास दोनशें सत्तर. वर्षाचे बावन्न आठवडे धरले तर चौदा हजार चाळीस रुपये, केवळ गाडी उभी ठेवण्याचे! एका दिवसाचे पन्नास रुपये वांचविण्यांत आमचा कद्रूपणा होता, हें कबूल. परंतु ज्याला वर्षभर हा फेरा करावयाचा आहे, त्याच्या बाबतींत तो प्रश्न कद्रूपणाचा राहत नाहीं. औषधें, सुया, तपासण्या यांनीं वांकलेल्या कुटुंबावर तें आणखी एक ओझें होतें.

आमचा एक पुतण्या कामानिमित्त इंग्लंडांत असतो. फोनवर ही हकीकत ऐकून त्यानें तिकडील व्यवस्था सांगितली, ती विचार करण्यासारखी वाटली. स्कॉटलंडांत बहुतेक सरकारी इस्पितळांत गाडी लावण्याचें शुल्क २००८ च्या अखेरीस बंद झालें, आणि खासगी कराराखालीं राहिलेलीं तीन इस्पितळें २०२१ सालीं मोकळीं झालीं. वेल्समध्येंही शुल्क घेत नाहींत. इंग्लंडांत तें घेतात. परंतु अपंगांस, आजारी मुलाजवळ रात्रीं राहणाऱ्या आईबापांस, रात्रपाळीच्या सेवकांस, आणि निदान तीन महिने, महिन्यांतून तीन किंवा अधिक वेळां ज्यांस यावें लागतें अशा रुग्णांस तें माफ आहे. या शेवटच्या नियमांतील न्याय आम्हांस फार आवडला. जो हौसेनें येतो त्याच्याकडून घ्या. ज्याला यावेंच लागतें त्याला सोडा.

हा आधार घेऊन आम्हीं इस्पितळाच्या व्यवस्थापकांस एक विनंतीपत्र लिहिलें आणि तें स्वतः घेऊन गेलों. कचेरींतील गृहस्थांनीं तें वाचलें, आणि शांतपणें म्हणाले, "डायलिसिसच्या रुग्णांस आंतल्या वाहनतळाचा मासिक पास मिळतो कीं! तीनशें रुपये. आपण कधीं विचारलें नाहींत काय?"

आम्ही थक्क झालों. चार महिने आम्ही रोखीनें नव्वद-नव्वद रुपये मोजीत होतों, आणि आमच्यासारखीं आणखी कित्येक घरें मोजीत होतीं. पास होता, फलक नव्हता. न विचारणें हा आमचा दोष खरा. परंतु ज्याचें माणूस आंत यंत्राला जोडलेलें आहे त्याला असले प्रश्न सुचत नाहींत, हें सांगणाऱ्यांनीं ओळखावयास नको काय? आम्हीं तेथेंच बसून पत्राच्या खालीं आणखी चार ओळी लिहिल्या, कीं हा पास ज्यांच्यासाठीं आहे त्यांस दिसेल अशा जागीं त्याची सूचना लावावी. त्या पत्राचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं. मात्र पुढच्या खेपेस गेलों, तों डायलिसिस विभागाच्या परिचारिकाबाईंनीं स्वतःच्या हातानें लिहिलेला एक कागद दारावर चिकटविलेला दिसला. त्या दिवशीं त्या कागदापुढें तीन माणसें उभीं होतीं.

आतां आठवड्यांतून तीन दिवस चिरंजीव किंवा आम्ही गाडी चालवितों, आणि वहिनी दादांबरोबर दाराशीं उतरतात. टपरीवाल्या बाई दिसल्या कीं दादा हात वर करून त्यांस नमस्कार करतात. परवां आंतल्या वाहनतळावर पुन्हां जागा नव्हती. पास हातांत असूनही आम्हांस गाडी दूर न्यावी लागली, आणि येण्यास अर्धा तास उशीर झाला. पोंचलों तों दादा यंत्रावर स्वस्थ पडलेले, वहिनी जवळ बसून वर्तमानपत्र वाचून दाखवीत होत्या. कोणाच्या ध्यानांतही आलें नव्हतें कीं आम्ही अजून आलों नाहीं.

मोठ्या शहरांत गाडीला जागा कधीं मिळेल, कधीं मिळणार नाहीं. स्वस्त मिळेल, महाग मिळेल. तिचा शोध अवश्य करावा. पण दाराशीं उतरविलेल्या माणसाचा हात कोणाच्या तरी हातांत दिल्यावर करावा.