चंद्रावर रस्ता कशाला हवा?

डिसेंबर 1972. अपोलो 17 मोहिमेत यूजीन सर्नन यांच्या हातोड्याचा धक्का लागून चांद्रगाडीच्या मागच्या चाकावरचा मडगार्ड मोडला. चाकाने उडवलेली धूळ थेट अंतराळवीरांच्या अंगावर येऊ लागली. शेवटी चार नकाशे चिकटपट्टीने एकमेकांना जोडून त्यांनी नवा मडगार्ड तयार केला आणि पुढचा प्रवास त्याच्याच भरवशावर केला.

ही धूळ साधी नाही. चंद्रावर वारा नाही, पाणी नाही. त्यामुळे उल्कापातात फुटलेल्या कणांच्या कडा झिजतच नाहीत, त्या फुटक्या काचेसारख्या धारदार राहतात. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे कण विद्युतभारित होऊन पोशाखाला, भिंगांना, सांध्यांना चिकटतात.

अपोलो 12 उतरले तेव्हा सुमारे 160 मीटरवर उभ्या असलेल्या सर्व्हेअर 3 यानावरही या कणांचा मारा झाला होता. वस्ती करायची तर आधी फरसबंदी हवी, ती यासाठीच.

पण पृथ्वीवरून खडी-डांबर कोण नेणार? युरोपीय अंतराळ संस्थेच्या प्रकल्पात संशोधकांनी कृत्रिम चांद्रधूळ 12 किलोवॉटच्या लेसरने वितळवली आणि 2023 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे 20 सेंटिमीटरच्या, मधे पोकळ असलेल्या त्रिकोणी लाद्या एकमेकींत अडकतात. चंद्रावर लेसरऐवजी मोठ्या भिंगाने सूर्यप्रकाश एकवटायचा, ही कल्पना तर फारच सुंदर आहे! मात्र वेग बेताचा: 100 चौरस मीटरचा, 2 सेंटिमीटर जाडीचा तळ बांधायला त्यांच्या अंदाजाने 115 दिवस लागतील.